उभ्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते : गळती कुठे आहे ते मोजून कसं शोधायचं

रात्री गाडी व्यवस्थित उभी केली होती, सकाळी चावी फिरवली तर सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. जंपर लावला की सुरू होते, दोन-चार दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तेच. जुन्या गाड्यांमध्ये ही तक्रार फार येते आणि बहुतेक वेळा पहिला उपाय म्हणून बॅटरीच बदलली जाते. नवी बॅटरी ताज्या दमाची असते, ती काही आठवडे गळती पचवते. दोष तेवढा काळ झाकला जातो, आणि पुन्हा पुन्हा पूर्ण उतरून ही नवी बॅटरीही निकामी होते. म्हणून खर्च करण्याआधी मोजा. त्यासाठी १० अँपिअरपर्यंत डीसी करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, दहाचा पाना, इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब आणि क्लिप लावलेल्या दोन वायरी एवढं पुरतं.

आधी दिवसांचा हिशेब

मीटरला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गाडी किती वेळ उभी राहिली की बॅटरी उतरते? या उत्तरातून गळती केवढी आहे याचा अंदाज बसल्या जागी मिळतो.

समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. ती निम्म्याच्या खाली गेली की जुनं इंजिन फिरवायला कमी पडू लागते. म्हणजे गळतीच्या तोंडी द्यायला आपल्याकडे साधारण २२ अँपिअर-तास आहेत. एका रात्रीत, बारा तासांत बॅटरी बसत असेल तर गळती २ अँपिअरच्या आसपास असणार. दोन दिवस लागत असतील तर ४५० मिलीअँपिअर, आठवडा लागत असेल तर १३० मिलीअँपिअर. तीन आठवडे उभी राहिल्यावरच उतरत असेल तर ४५ मिलीअँपिअर, आणि एवढा करंट अलार्म, सेंट्रल लॉक असलेल्या गाडीत दोष धरत नाहीत.

या हिशेबात एक फसवी जागा आहे. लेबलवरचा ४५ हा आकडा नव्या बॅटरीचा असतो. चार-पाच वर्षं वापरलेली बॅटरी प्रत्यक्षात २५ अँपिअर-तासच धरत असेल, तर निम्मे म्हणजे साडेबारा. ५० मिलीअँपिअरने रोज १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे दहा दिवसांत ती बसणार. इथे गाडी निर्दोष आहे, बॅटरी थकलेली आहे. उलट, बॅटरी कालच बदलली आणि तरी दोन दिवसांत उतरली, तर पुढचं सगळं वाचायलाच हवं.

बॅटरी, चार्जिंग की गळती?

लक्षण एकच दिसतं, पण कारणं तीन असतात : बॅटरी चार्ज धरत नाही, अल्टरनेटर ती पुरेशी भरत नाही, किंवा उभ्या गाडीत कुणीतरी करंट खातंय. हे तीन वेगळे केल्याशिवाय फ्यूज उपसायला लागू नका.

सुरुवात पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीपासूनच करायची. बाहेरच्या चार्जरवर, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढ्या करंटने चार्ज करा, म्हणजे ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपिअर. पार उतरलेली असेल तर १० ते १४ तास लागतात. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, त्यामुळे जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको. पाणी घालायच्या बॅटरीत प्लेट उघड्या दिसत असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं.

चार्जर काढल्यावर लगेच दिसणारं व्होल्टेज खरं नसतं. बॅटरीला रात्रभर स्वस्थ राहू द्या. घाई असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ निम्मी, १२.० पाव आणि ११.८ म्हणजे रिकामी. चार्जरवर इतके तास ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला असेल तर एक सेल शॉर्ट झालाय, त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर निदान अधिक पक्कं होतं. भरलेल्या सेलमध्ये घनता १.२६५ च्या जवळ असते आणि कुठल्याही दोन सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक दिसला तर कमी असलेला सेल गेला असं धरा.

आता निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा आणि बॅटरी गाडीतच रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मोजा. काहीही न जोडता व्होल्टेज ०.२ किंवा जास्त घसरलं तर गळती गाडीत नाही, बॅटरीच्या आत आहे. किंवा बॅटरीच्या माथ्यावर. ही दुसरी शक्यता पुष्कळदा नजरेतून सुटते. ॲसिडचा ओलसर थर आणि धूळ यांच्यातून एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत सतत करंट वाहत राहतो. मीटर व्होल्टवर ठेवा, काळी वायर निगेटिव्ह खांबाला लावा आणि लालचं टोक बॅटरीच्या प्लास्टिकवरून फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर माथा धुवायची वेळ झालीय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा, फेस थांबला की स्वच्छ पाण्याने खळबळून कोरडं पुसा. सोड्याचं पाणी झाकणांच्या भोकांतून आत जाता कामा नये, ते ॲसिड मारून टाकतं.

बॅटरी रात्रभर टिकली तर आता तिचा जोर बघा. मीटरची टोकं क्लॅम्पवर (वायरच्या टोकाच्या पकडीवर) नको, थेट शिशाच्या खांबांवर टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. खांबांवर आकडा चांगला आहे पण सेल्फ मरगळलेलाच फिरतोय, तर क्लॅम्प आणि अर्थिंगच्या पट्ट्या उघडून घासा. अशा गाडीत बॅटरी उतरलेली नसतेच, करंट वाटेत अडतो.

इंजिन चालू करून आरपीएम १५०० ते २००० ठेवा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही १३.५ च्या खाली जाऊ नये. कमी असेल तर बेल्ट सैल आहे का, अल्टरनेटरचे ब्रश झिजलेत का ते आधी बघा. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो बॅटरीचं पाणी उडवून तिला मारतो. अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर मीटरची दोन टोकं ठेवून बघा. सगळे दिवे लावलेले असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर ती वायर किंवा तिचे जोड खराब आहेत. अल्टरनेटरची बॉडी आणि निगेटिव्ह खांब यांच्यात ०.२ पेक्षा जास्त आला तर इंजिनची अर्थिंग पट्टी गंजली आहे. जुन्या गाडीत ही पट्टी हटकून तपासा, बाहेरून ठीक दिसते आणि लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी झालेली असते.

रोज दहा मिनिटंच चालणारी गाडी हे एक वेगळंच प्रकरण. एकदा सेल्फ मारायला फारसं काही जात नाही : १५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.१२५ अँपिअर-तास. पण आधीच निम्मी असलेली बॅटरी भरायला तास लागतात, मिनिटं नाही. दिवे, एसी आणि सिग्नलवरचं आयडलिंग यांत अल्टरनेटरकडे तिच्यासाठी उरतं थोडंच. या गाडीला दुरुस्ती नको, आठवड्यातून एकदा रात्रभर चार्जर हवा.

मीटर जोडण्याची पद्धत

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी गाडी उतरते. आता गळती मोजायची.

गाडी रोज रात्री जशी उभी असते तशीच ठेवा : चावी काढलेली, दिवे बंद. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. फ्यूज बॉक्स आत असेल तर एक दार उघडं ठेवावं लागतं. त्या दाराच्या लॅचची जीभ पेचकसाने ढकलून बंद करा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ सोडवायला विसरू नका, नाहीतर लॅच ठोकला जाऊन वाकतो. रिमोट चावी असेल तर ती गाडीपासून लांब ठेवा. एक काच खाली ठेवा. स्टिरिओला कोड असेल तर तो आधी हाताशी हवा.

निगेटिव्ह क्लॅम्प सोडा. मीटर लगेच लावू नका, आधी २१ वॅटचा बल्ब लावा : एक टोक सुटलेल्या क्लॅम्पला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. कुठे सरळ शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही, त्यामुळे मीटरचा फ्यूज वाचतो. बल्ब लख्ख पेटला तर गळती अँपिअरमध्ये आहे. तार जेमतेम लालसर दिसली तर काहीशे मिलीअँपिअर. काहीच दिसलं नाही तर मीटर बिनधास्त लावा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलीअँपिअरच्या भोकातला फ्यूज छोटा असतो, गाडीतलं एखादं युनिट जागं झालं तरी उडतो. लाल टोक क्लॅम्पला आणि काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. क्लॅम्प आणि खांब यांच्यात क्लिपची एक वायर आधी समांतर जोडून ठेवा, मीटर घट्ट बसलं की ती काढा. तोडजोड झाली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीतली युनिटं जागी होतात आणि आकडा भलताच मोठा दिसतो, तो त्रास यामुळे टळतो.

मीटर असं जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइटही लावायचे नाहीत. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि कुणी तसंच बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं, तर मीटरमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आकडा लगेच स्थिर होतो. ईसीयू, सेंट्रल लॉक, अलार्म असेल तर २० ते ४० मिनिटं थांबा. सुरुवातीला अर्धा-एक अँपिअर दिसून मग पायरी-पायरीने खाली येणं हे अगदी ठीक आहे. पहिल्या मिनिटाच्या आकड्यावरून निदान करणं ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

डीसी क्लॅम्प मीटर असेल तर काहीच सोडावं लागत नाही. मात्र तो मिलीअँपिअर वाचणारा हवा आणि वायरभोवती लावण्याआधी शून्य केलेला हवा. घरच्या वायरिंगसाठी मिळणारा फक्त एसीचा क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही.

आकडा ओळखायला शिका

इलेक्ट्रॉनिक काहीच नसलेल्या जुन्या गाडीत १० मिलीअँपिअरच्या आत असायला हवं, तेही घड्याळामुळे. घड्याळ, स्टिरिओची मेमरी आणि अलार्म मिळून २० ते ३०. पन्नासपर्यंत चालवून घेतात. त्यापुढे शोध घ्यायचा, आणि शोधाची दिशा आकडाच देतो, कारण गाडीतल्या प्रत्येक गोष्टीची भूक ठरलेली असते.

४०० मिलीअँपिअरच्या आसपास दिसलं तर ते ५ वॅटच्या बल्बचं प्रमाण आहे : डिकी, ग्लव्ह बॉक्स, दाराखालचा दिवा. ८०० दिसलं तर असे दोन, किंवा छतावरचा १० वॅटचा एक. १२० ते २०० मिलीअँपिअर ही रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलची खूण, म्हणजे एखादा रिले ओढलेल्या अवस्थेत राहिलाय. साडेतीन अँपिअर म्हणजे २१ वॅटचे दोन ब्रेकलाइट. पॉइंटच्या इग्निशनमध्ये चावी ऑन राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइलही ३-४ अँपिअर खाते, आणि ती हाताला चटका बसेल इतकी तापते. ७० ते १०० मध्ये घुटमळणारा आकडा बहुतेक वेळा बाहेरून बसवलेल्या वस्तूंची बेरीज असते : ट्रॅकर, कॅमेरा, सॉकेटमध्ये विसरलेला चार्जर.

फ्यूज एकेक करून

फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवा. एकेक फ्यूज काढा, मीटरकडे बघा, जागेवर परत बसवा आणि पुढचा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडला त्या सर्किटमध्ये गळती आहे. एका फ्यूजने अर्धी आणि दुसऱ्याने उरलेली पडली असंही होतं, म्हणून पहिला सापडला तरी सगळे तपासा.

युनिटं झोपण्याजागण्याचा प्रश्न असलेल्या गाडीत फ्यूज काढूच नका. आधुनिक पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून त्यांच्यावर टोकं टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काहीच जात नाही. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलीओहम असतो, त्यामुळे १ मिलीव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलीअँपिअर. जास्त रेटिंगच्या फ्यूजचा रोध कमी, तिथे तेवढाच करंट कमी मिलीव्होल्ट दाखवतो. काचेच्या किंवा चिनी मातीच्या जुन्या फ्यूजवर हा हिशेब भरवशाचा नाही. त्यांच्या टोकांवरचा गंज स्वतःच व्होल्टेज खातो. ते फ्यूज काढूनच तपासा, आणि काढलेच आहेत तर टोकं आणि पकडी बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

फ्यूज सापडला म्हणजे काम संपलं नाही. एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी असतात. तो फ्यूज जागेवर ठेवून एकेका वस्तूचा कनेक्टर सोडा आणि कुठल्या कनेक्टरला आकडा पडतो ते बघा. शेवटची वस्तू सोडली तरी आकडा हलला नाही तर दोष वायरमध्ये आहे : इन्शुलेशन घासलेलं, किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवा थर जमलेला. फायरवॉलच्या रबरी ग्रोमेटपाशी आणि दाराच्या बिजागरीजवळच्या वायरींत हे आधी बघा.

नेहमी सापडणाऱ्या जागा

डिकीचा दिवा सगळ्यात वर. डिकी बंद केल्यावर तो विझतो की नाही हे बाहेरून कळत नाही. फोनचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा, डिकी बंद करा, दहा सेकंदांनी उघडून बघा. दुसरा उपाय आणखी सोपा : गाडी तासभर उभी ठेवून डिकी उघडा आणि लगेच बल्बला बोट लावा. कोमट लागला तर तो आतमध्ये पेटलेलाच होता. ग्लव्ह बॉक्सला हेच. डिकीचा पत्रा किंवा रबर बसल्यामुळे स्विचची दांडी पुरेशी दाबली जात नाही, एवढंच कारण असतं. दांडीच्या टोकाला रबराचा पातळ तुकडा चिकटवला की प्रश्न मिटतो.

ब्रेकलाइटच्या स्विचकडे फार कमी जण बघतात. ब्रेक पेडलच्या वर हा स्विच असतो. पेडल पूर्ण वर आलं की पेडलच्या हातावर बसवलेली वाटाण्याएवढी रबरी किंवा प्लास्टिकची गोटी स्विचची दांडी दाबून धरते आणि दिवे विझतात. पंधरा-वीस वर्षांत ती गोटी कडक होऊन चुरा होते. मग पेडल वर आल्यावर स्विचची दांडी गोटीच्या रिकाम्या भोकातून पार निघून जाते आणि मागचे दिवे रात्रभर चालू राहतात. चालकाच्या पायाशी कार्पेटवर रंगीत प्लास्टिकचे तुकडे पडलेले दिसले तर हेच झालंय. नवी गोटी हातानेच बसते. रात्री गाडी लावल्यावर मागे भिंतीवर लाल उजेड दिसतो का ते बघायची सवय ठेवा.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत पिवळी वायर मेमरीसाठी कायम चालू लागते आणि लाल वायर इग्निशनवर जायला हवी. काम सोपं व्हावं म्हणून दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनला दिलेल्या पुष्कळ गाड्यांत सापडतात. स्टिरिओ बटणाने बंद केला तरी तो आतून जागाच राहतो. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची निळी वायर स्टिरिओच्या आउटपुटवर आहे ना ते पाहा. ती कायमच्या लाइनवर असेल तर ॲम्प्लिफायर दिवसरात्र चालू असतो. उभ्या गाडीत त्याच्या बॉडीला हात लावला की ऊब जाणवते.

रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉइलचा करंट बंद असूनही पुढची वस्तू चालू राहते. पंखा किंवा पंप असेल तर आवाज येतो. डिझेल गाडीतल्या ग्लो प्लगचा रिले चिकटला तर आवाज काहीच येत नाही आणि काही तासांतच बॅटरी सपाट होते. यात करंट कितीतरी अँपिअरचा असतो, त्यामुळे या संशयावर मीटर न लावता आधी बल्बच लावा. झिजलेल्या इग्निशन स्विचमधून चावी ॲक्सेसरीवर असतानाच बाहेर निघते, तेही तपासा. चावी काढलेली असताना वायपर किंवा ब्लोअर चालतोय का बघितलं की कळतं. आपोआप वर-खाली होणारा अँटेना असेल तर त्याची मोटर टोकाला पोचूनही घरघरत राहते का ते शांत जागी ऐका.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच

मग करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जातोय. जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरची जाड वायर, सेल्फची वायर आणि कधीकधी इग्निशन स्विचची मुख्य लाइन फ्यूजविना असते. यात पहिला संशय अल्टरनेटरवर घ्या.

अल्टरनेटरमधले डायोड करंटला एकाच दिशेने, म्हणजे बॅटरीकडे जाऊ देतात. पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड शॉर्ट झाला की बॅटरीचं व्होल्टेज उलट स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर भागाच्या) गुंडाळीत येतं. नऊ डायोडच्या रचनेत ते तिथून छोट्या फील्ड डायोडमार्गे रोटरला (आतल्या फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला) पोचतं आणि रेग्युलेटरमधून अर्थ होतं. इंजिन बंद, चावी खिशात, आणि रोटर २ ते ४ अँपिअर खात बसलेला. याच्या दोन खुणा अचूक असतात. चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंद मिणमिणतो, तो अंधारात नीट दिसतो. दुसरी खूण : बंद गाडीत पोलादी पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. तो खेचला गेला तर रोटरमध्ये करंट आहे. रात्रभर उभ्या गाडीत अल्टरनेटर कोमट लागणं हीसुद्धा त्याचीच साक्ष.

पक्कं करायचं तर बॅटरीचा निगेटिव्ह सोडून ठेवा, अल्टरनेटरची जाड वायर आणि छोटा प्लग काढा, वायरचा लग रबराने किंवा टेपने नीट गुंडाळा आणि मीटर पुन्हा निगेटिव्हला जोडा. आकडा पडला तर अल्टरनेटर उघडावा लागणार. डायोड प्लेट बदलली तरी काम होतं, पूर्ण अल्टरनेटर टाकून द्यायची गरज नसते. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजूनही डायोड कळतो. निरोगी अल्टरनेटरला ०.१ च्या आत येतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेलाय. स्वस्त मीटर एसीवर २५-३० असा आकडा दाखवत असेल तर तो डीसीलाच एसी समजतोय, त्याने ही चाचणी होत नाही.

डायनॅमो असलेल्या फार जुन्या गाडीत डायोड नसतात, कटआउट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) असतो. त्याचे पॉइंट चिकटले तर बॅटरी डायनॅमोलाच मोटर समजून करंट देते, तोही एवढा की वायरी तापतात. असं दिसलं तर बॅटरी ताबडतोब सोडा आणि मगच पॉइंटकडे वळा.

कधी असते, कधी नसते

तीन दिवस मोजलं, आकडा २५, सगळं ठीक. चौथ्या दिवशी बॅटरी सपाट. हे सगळ्यात चिवट प्रकरण, आणि इथे धीर सोडून बॅटरी बदलली जाते. मोजताना गाडी थंड असते, गळती मात्र तापलेल्या गाडीत सुरू होत असेल. अर्धा तास चालवून आल्याबरोबर मीटर लावा. तेव्हा चिकटलेला रिले सापडतो. गाडी लॉक करून, अलार्म चालू ठेवून पुन्हा मोजा. लॉक केल्यावरच एखादी मोटर किंवा युनिट जागं राहत असेल तर अनलॉक अवस्थेत ते कधीच दिसणार नाही.

मीटरला कमाल-किमान नोंदवायची सोय असेल तर ते रात्रभर जोडून ठेवा आणि सकाळी कमाल आकडा बघा. एक अडचण लक्षात असू द्या : दार उघडलं, लॉक दाबलं की कमाल आकडा त्यामुळेही चढतो. म्हणून सगळं स्थिर झाल्यावरच नोंद सुरू करायची. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतरच उतरत असेल तर फ्यूज बॉक्सच्या वर कुठून पाणी टिपकतंय ते शोधा. काचेखालच्या पन्हाळीत पानं साचून पाणी आत येतं. आणि आकडा वर असताना गाडीला हलवू नका, काही ठोकू नका. रिलेवर टिचकी मारली की चिकटलेले कॉन्टॅक्ट सुटतात आणि पुरावा नाहीसा होतो. आधी मिलीव्होल्टने फ्यूज ओळखा, रिलेंना फक्त बोट लावून कोण उबदार आहे ते बघा, मगच हात घाला.

दुरुस्तीनंतर

दोष काढल्यावर त्याच पद्धतीने, तेवढाच वेळ थांबून पुन्हा मोजा. आकडा ९०० वरून १२० वर आला म्हणून मीटर आवरू नका. १२० सुद्धा जास्तच आहे, दुसरी गळती शिल्लक आहे. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

बॅटरी या भानगडीत अनेकदा पूर्ण उतरली असेल तर प्लेटवर सल्फेट कडक झालेलं असतं. १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीचंही तेच होतं. पूर्ण चार्ज करून पुन्हा सेल्फ मारतानाचं व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर आता बॅटरी बदला, आता तो खर्च वाया जाणार नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर निगेटिव्हवर कटऑफ स्विच बसवा किंवा व्होल्टेज ओळखून आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवा. कटऑफ लावलेली बॅटरीसुद्धा उष्ण हवेत आतल्या आत उतरत राहते, त्यामुळे महिन्यातून एकदा मीटर लावून १२.४ च्या वर आहे ना ते तपासा आणि खाली गेली तर त्याच दिवशी चार्ज करा.